बंद खोलीतली साक्ष

६ जानेवारी, मंगळवार. जळगाव

सकाळी रस्त्याचं भूमिपूजन. हातात कुदळ, गळ्यात हार, समोर कॅमेरा, आणि नानांचा फोन. नाना म्हणजे विधानसभेच्या आमच्या समितीचे प्रमुख. एरवी फोन करतात ते वाढदिवसाला. मी कुदळ सरपंचांच्या हातात दिली आणि बाजूला गेले.

धुळ्याच्या तपास पथकाचं पत्र आलंय. समितीनं धुळ्यात घेतलेली बंद साक्ष त्यांना हवी आहे. पूर्ण. साक्षीदाराच्या नावासह.

मी विचारलं, त्यांना कळलं कसं की अशी साक्ष आहे म्हणून. नाना म्हणाले, तुम्हीच नाही का सगळ्या अधिकाऱ्यांना खोलीबाहेर काढलंत? दुसऱ्या दिवशी पेपरात आलं होतं. त्या अटकेतल्या डॉक्टरच्या वकिलानं ते कात्रण कोर्टात लावलंय.

मग नेहमीचं वाक्य: बघू, टिपण ठेवायला सांगतो.

परत येऊन कुदळ मारली ती दगडावर. हात अजून झिणझिणतोय.

७ जानेवारी

लिहून काढते, म्हणजे डोक्यात नीट लागेल.

उन्हाळ्यात साक्रीच्या पश्चिमेकडच्या आरोग्य केंद्रांना जनरेटर मिळाले. कागदावर. ऑक्टोबरात आमची समिती पाहणीला गेली. डोंगराकडच्या केंद्रात जनरेटर नव्हता. अधिकारी म्हणाले, दुरुस्तीला गेलाय. धुळ्याच्या बैठकीत मी हट्ट धरला की कर्मचाऱ्यांशी एकटं बोलायचंय. अधिकाऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण गेले बाहेर. तिघं-चौघं येऊन "सगळं व्यवस्थित आहे" म्हणून गेले. शेवटी त्या केंद्राच्या निर्मला सिस्टर आल्या. (इथून पुढे नुसतं नि.) बसल्या आणि पदराला पीळ देत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, बोला. जे बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही." नानांनीही मान हलवली.

मग ती बोलली. नवं यंत्र आलं की पूजा, ही आपल्याकडची रीत. जनरेटर टेम्पोतून आला तेव्हा तिनंच त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. फोटो झाला. मिळाल्याची सही तिनंच केली, कारण तेव्हा केंद्राला डॉक्टर नव्हता आणि तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, करा सही. ठेकेदाराची माणसं म्हणाली, फिटिंगचं सामान आणायला जातो, यंत्र टेम्पोतच राहू द्या. दुपारी ती लसीकरणाला खालच्या केंद्रात गेली. तिथे अंगणात टेम्पो. टेम्पोत जनरेटर. जनरेटरवर तिनं काढलेलं स्वस्तिक, अजून ओलं. आणि तिथली सिस्टर आरतीचं ताट घेऊन उभी.

एकच जनरेटर. गावोगाव मिरवला, नवरदेवासारखा.

साक्ष ऐकली, मुंबईला गेलो, अहवालाचा मसुदा होत राहिला. नोव्हेंबरात त्याच केंद्रात पहाटे लाईट गेली. बाळंतपण अडलं. बाई गेली, बाळ वाचलं. पोलिसांनी जनरेटर शोधला. नव्हताच. कागदावर मात्र मिळाल्याची सही. मग पकडलं कोणाला, तर केंद्राचा प्रमुख म्हणून डॉ. पावराला. तो ऑगस्टमध्ये रुजू झालेला. नवं पोर. निष्काळजीपणा, आणि वर जनरेटर विकून खाल्ल्याचा आरोप.

जो कधी उतरलाच नाही तो विकल्याचा.

तो सुटेल अशी एकच गोष्ट आहे, नि.ची साक्ष. ती आमच्या कपाटात आहे. आणि मी तिला शब्द दिलाय.

८ जानेवारी, गुरुवार

कार्यालयात आज नेहमीची गर्दी. बदल्या, शिफारसी, एक पाण्याची टाकी. सगळे गेल्यावर कोपऱ्यात एक म्हातारा बसलेला. डोक्याला फेटा, पायात नवी चप्पल, शिरपूरकडून दोन गाड्या बदलून आलेला. डॉ. पावराचे वडील.

मी आबा म्हटलं, पाणी दिलं. त्यांनी काही मागितलं नाही, हे फार जड गेलं. मागणाऱ्याला उत्तर देता येतं. ते नुसतं एवढंच म्हणाले:

"जे मशीन मना पोर्‍यानी देखंच नही, ते त्यानी इकं कशं?"

मी म्हटलं, तपास चालू आहे. माझं मलाच ऐकवेना. आमदार होण्याआधी सोळा वर्षं वर्गात नागरिकशास्त्र शिकवलं, कायदेमंडळ कार्यकारी मंडळावर अंकुश ठेवतं, रिकाम्या जागा भरा. त्यांना चहा पाजून युसूफभाईंबरोबर स्टँडवर पाठवलं. युसूफभाई माझे ड्रायव्हर. परत येऊन गाडी पुसत बसले, पुसलेलीच होती.

आम्हाला ऑक्टोबरपासून माहीत होतं. तेव्हाच ओरडलो असतो तर त्या केंद्रात नोव्हेंबरात जनरेटर असता. कदाचित. हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही. म्हणून तर नाना टिपण ठेवतात.

११ जानेवारी, रविवार

आप्पांच्या मळ्यात भरीत पार्टी. आप्पा आमच्याच समितीत, पण नवे. धुळ्याच्या बैठकीनंतर आले. त्यामुळे साक्ष कोणाची ते त्यांना माहीत नाही. जायचं नव्हतं, पण नाही गेलं तर त्याचाही अर्थ लावतात.

तुरखाट्यांच्या, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, कळण्याच्या पुऱ्या, वर पातीचा कांदा. जेवण उत्तम. कडेला पांढऱ्या सदऱ्यात शेठ. जनरेटरचा ठेका त्यांचा. स्वतः वाढत होते.

आप्पांना एकदम पारदर्शकतेचं प्रेम आलंय. म्हणाले, ताई, पोलिसांना सगळं देऊन टाकू, लपवायचं काय? नावानिशी देऊ. गेल्या महिन्यात हेच आप्पा म्हणत होते, समितीनं पोलीसगिरी करू नये.

शेठनी माझ्या ताटात आग्रहानं भरीत घातलं. म्हणाले, "ताई, बोलणारी बाई आपल्याकडचीच असंल ना? उगाच गरिबाचं वाईट नको व्हायला. आम्ही समजून घेऊ."

बाई. मी काय, कोणीच काय, बाई होती की बुवा ते बोललेलं नाही. खडा टाकून बघत होता. मी म्हटलं, शेठ, मीठ जरा जास्त झालंय. तो हसला, मीही हसले. मग तांब्याभर पाणी प्यायले, ते त्यानं बघितलं असणार.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू तिखट फार खातेस. मग थोड्या वेळानं, पेपर खाली ठेवून: त्या माणसाला ते नाव पोलिसांसाठी नकोय.

मला माहीत आहे.

१४ जानेवारी. संक्रांत

दिवसभर तिळगूळ. गोड बोलून जबडा दुखला.

ह्यांच्याशी वाद. ह्यांचं म्हणणं सरळ. एक निरपराध पोरगा आत आहे. शब्द बाजूला ठेव. मी म्हटलं, शब्द बाजूला ठेवला तर पुढच्या वेळी बंद खोलीत कोण बोलेल? हे म्हणाले, पुढच्या वेळचं पुढच्या वेळी, पोरगा आत्ता आत आहे. मी म्हटलं, आणि ती? सही तिची आहे. फोटोत ताट घेऊन हसतेय ती. पोलीस तिला साक्षीदार करतील की आरोपी, हे मी सांगू शकते का?

दोघांचं पटतंय तरी भांडण.

१६ जानेवारी, शुक्रवार

समितीची बैठक, ऑनलाइन. उपसचिवांनी नियम वाचून दाखवला. समितीपुढची साक्ष सभागृहात अहवाल मांडेपर्यंत गोपनीय. बाहेर द्यायची तर सभागृहाची परवानगी. अधिवेशन नसेल तर विधानसभाध्यक्षांची. समितीनं आधी शिफारस करायची.

नाना: घाई नको. मार्चात अधिवेशन आहे, तेव्हा बघू. नानांची भीती कळते. ते कागद बाहेर गेले की पहिला प्रश्न आम्हालाच, की तुम्हाला माहीत होतं तर केलंत काय.

आप्पा: सगळं द्या, आजच द्या.

मी: नाव झाकून द्या.

उपसचिव खोकले. पोलिसांना तसं विचारलं होतं. ते म्हणतात, नाव नसलेल्या साक्षीला कोर्टात किंमत नाही, माणूस उभा राहिला पाहिजे. आणि डॉक्टरचा जामीन काल फेटाळलाय.

हे मला माहीत नव्हतं. माईक बंद करून बसले. पडद्यावर माझाच चेहरा, काही ऐकू न येणारा.

निर्णय पुढच्या शुक्रवारी. मी मनात ठरवलं. नि.ला भेटायचं. तिनं स्वतःहून जबाब दिला तर साक्ष द्यायची गरजच नाही. शब्दही राहील, पोरगाही सुटेल. स्वतः पुढे आलेल्या बाईला पोलीस साक्षीदार धरतील, कपाटातून सापडलेल्या नावाला आरोपी. ओळखीच्या वकिलाला विचारलं, तोही तेच म्हणाला.

पण समितीच्या सभासदानं साक्षीदाराला गुपचूप गाठायचं नसतं. मग उघड गाठू.

१७ जानेवारी

युक्ती सुचली. साक्रीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकवाचं बोलावणं पडून होतं. रथसप्तमीपर्यंत बायका कुठेही जमल्या तरी कोणी विचारत नाही. पी.ए.ला सांगितलं, हो म्हणून कळव. आणि मंडळाला सांग, आरोग्य केंद्रांच्या सगळ्या सिस्टरांना बोलवा, त्यांचा सन्मान करू. तो खूश. म्हणाला, मॅडम, चांगला कार्यक्रम होईल.

मीही स्वतःवर खूश. फार हुशार समजते मी स्वतःला.

२० जानेवारी, मंगळवार. साक्री

मंगल कार्यालयात तीन-चारशे बायका. वाणात स्टीलचे डबे. भाषण थोडक्यात आवरलं. सिस्टरांना ओळीनं कुंकू लावलं, साडी दिली. नि. ओळीच्या शेवटी. मला बघून हसली नाही.

जेवणाच्या वेळी मागच्या व्हरांड्यात बसलो दोघी, मध्ये पत्रावळी. आजूबाजूला गोंगाट. मी सगळं सांगितलं. पत्र, जामीन, पोराचे वडील. म्हटलं, तुम्ही आपणहून गेलात तर वकील देईन, खर्च माझा. तुमचं नाव आमच्याकडून जाणार नाही.

ती जिलेबीचा तुकडा करत होती, खात नव्हती. घर धुळ्याला, पण केंद्रात साहेबांशीसुद्धा अहिराणीत बोलते असं तिच्याबद्दल ऐकलं होतं. माझ्याशी ऑक्टोबरात शुद्ध बोलली होती. आज नाही.

"ताई, तुमना शब्द तुमले सांभाळना शे, म्हनीसन मले पुढे करी ऱ्हायनात का?"

खरंच होतं ते. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, डॉक्टर चांगलं पोरगं आहे. त्या पहाटे मोबाईलच्या उजेडात त्यानं काय काय केलं ते तिनं बघितलंय. दोन महिने तिला झोप नाही. सांगायचं आहे. पण पोलिसांत एकटी बाई गेली, सही तिची, फोटो तिचा, तर ती बाहेर पडायच्या आधी आतलाच कोणीतरी शेठला फोन करेल. नवरा म्हणतो गप्प राहा. संघटना म्हणते गप्प राहा.

"मी सांगसू. बठ्ठं सांगसू. पन तुम्ही मना बाजूले बसाले जोयजे. खुर्चीवर. मना शेजारे."

मी म्हटलं, वकील बसेल.

"वकील नको. ज्यांनी बोलाले लायं, त्या जोयजेत."

सत्तावीस तारखेला तिला सुट्टी आहे. अकराच्या सुमारास ती धुळ्याला तपास पथकाच्या कार्यालयात येईल. मी दिसले तर आत, नाही तर परत घरी. मी हो म्हणून टाकलं. निघताना तिनं मला कुंकू लावलं, मी तिला. रीत म्हणून.

२१ जानेवारी

आज नीट कळतंय मी कशाला हो म्हटलं ते. समितीची सभासद, समितीचीच गोपनीय साक्षीदार, आणि पोलिसांच्या टेबलासमोर दोघी शेजारी-शेजारी. हक्कभंग. समितीतून जाणारच. पक्षही जाब विचारेल, शेठ कोणाकोणाला मदत करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या वेळचं तिकीट विसरा.

"खोलीबाहेर जाणार नाही" म्हणायला काय लागत होतं. काहीच नाही. फुकटचा शब्द होता. हा दुसरा महाग आहे.

राग येतोय तिचा. मग लाज वाटते.

२३ जानेवारी, शुक्रवार

बैठक. पेपरांनी पोराचं नाव "जनरेटर डॉक्टर" पाडलंय. आप्पांनी कात्रण पडद्यासमोर धरलं. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबा. का, ते सांगू शकले नाही. नाना माझ्याकडे बघत राहिले. शिक्षक कॉपी करणाऱ्याकडे बघतो तसे.

हात वर करून मतदान. शिफारस झाली, साक्ष पूर्ण द्यावी. आता विधानसभाध्यक्षांची सही. ती आज येईल, आठवड्यानं येईल.

मी कोणाच्याच बाजूनं हात वर केला नाही. तटस्थ लिहिलंय कागदावर. असा पुळचट शब्द आयुष्यात वापरला नव्हता.

२४ जानेवारी

नाना घरी आले. पहिल्यांदाच. ह्यांनी केळीचे वेफर पुढे केले, नानांनी घेतले नाहीत. मला म्हणाले, मंगळवारी काय आहे? मी सांगून टाकलं. खोटं बोलून दमले होते.

नानांनी वेफरची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, ताई, मला मुलीसारख्या आहात. तिला जाऊ द्या, तुम्ही जाऊ नका. तुम्ही तिथे बसलात तर साक्षीदार तुम्ही शिकवून आणला असं ठेकेदाराचा वकील म्हणेल. तिचंच नुकसान.

यात तथ्य आहे, हाच वैताग. नानांचं सगळंच खोटं असतं तर किती बरं.

मी म्हटलं, तिथे बोलणार नाही, नुसती बसेन. नाना म्हणाले, मग सोमवारी राजीनामा द्या समितीचा, आणि मंगळवारी साधी बाई म्हणून जा. मी म्हटलं, साधी बाई म्हणून गेले तर मला फाटकातच थांबवतील, नाना. तिला माझी खुर्ची हवी आहे म्हणून तर बोलावलंय.

हसले. उठताना खांद्यावर हात ठेवला. "ऑक्टोबरात अंतरिम अहवाल द्यायला हवा होता आपण," म्हणाले. मोठ्यानं म्हणणारे ते पहिले. मला रडू आलं. नानांना बघवेना, ते चप्पल घालून निघून गेले.

२६ जानेवारी, सोमवार. जळगाव

झेंडावंदन. परेड, शाळांची लेझीम, मग चहापान. शामियान्यात शेठ. माझ्याकडे सरळ चालत आले, हात जोडून.

"ताई, हळदीकुंकवाचे फोटो छान आलेत. निर्मला सिस्टर बऱ्या दिसताहेत. आमचा नमस्कार सांगा."

एवढंच. पुढे गेले, कलेक्टरांशी बोलायला लागले.

मी पी.ए.ला कोपऱ्यात नेलं. त्यानं मोबाईल दाखवला. साक्रीचा कार्यक्रम, अठ्ठावीस फोटो, माझ्या नावाच्या पानावर, त्याच दिवशी संध्याकाळी टाकलेले. भाषण, साड्या, डबे. आणि मागच्या व्हरांड्यात दोघी, मध्ये पत्रावळी. मी वाकून बोलतेय, ती मान खाली घालून. खाली त्यानं लिहिलंय, "आरोग्यसेविका भगिनींच्या व्यथा जाणून घेताना आमच्या ताईसाहेब."

त्याला काय बोलू. कार्यक्रम झाला की फोटो टाकायचे हे मीच शिकवलंय. तेराव्याचेसुद्धा टाकतो तो. मी कुंकू लावताना, नारळ फोडताना, फीत कापताना. पाच वर्षं हेच चाललंय. फोटो काढू नको म्हणायचं मला सुचलंही नाही. कॅमेरा असतोच, म्हणून तो मला दिसतच नाही.

तो फोटो पानावरून उडवायला लावला. सहा दिवसांनी उडवून काय.

दुपारी नि.ला फोन. सांगणं भाग होतं. तिनं आधी ओळखलंच नाही मला. मी म्हटलं, नाव फुटलंय. समितीतून नाही, माझ्याकडून. शेठला कळलंय. तुमच्याकडे कोणी आलं होतं का?

"काल एक गाडी उनी व्हती. घरना समोर उभी ऱ्हायनी. कोनी उतरनं नही."

मी म्हटलं, आजच चला, मी घ्यायला येते. ती म्हणाली, नको, नवरा घरी आहे. मी म्हटलं, उद्या तरी येणार ना. पलीकडे कुकरची शिट्टी, कोणाचं तरी बोलणं. मग म्हणाली, "आते मन्हं काय ऱ्हायनं झाकाले," आणि फोन ठेवला. ना हो, ना नाही.

संध्याकाळी उपसचिवांचा निरोप. विधानसभाध्यक्षांची सही झाली. उद्या दुपारनंतर साक्षीची प्रत, नावासह, माणूस घेऊन धुळ्याला पोचेल.

म्हणजे दुपारच्या आत ती आपणहून आली तर साक्षीदार. नंतर आली, किंवा आलीच नाही, तर सही करणारी बाई. पोलिसांच्या यादीत डॉक्टरच्या खालचं नाव.

पुन्हा फोन केला. बंद. केंद्रात विचारायची सोय नाही. धुळ्यात कोणाला तिच्या घरी पाठवावं तर तीही एक गाडीच, घरासमोर उभी राहणारी.

हे म्हणाले, झोप. मी ह्यांच्यावर ओरडले. मग माफी मागितली. ह्यांनी उद्यासाठी माझी निळी साडी इस्त्री केली. लग्नानंतर पहिल्यांदा.

२७ जानेवारी, मंगळवार. धुळे

तपास पथकाच्या कार्यालयातला बाक. इथेच लिहितेय. दुसरं काय करणार.

युसूफभाईंनी पारोळ्याजवळ चहाला गाडी थांबवली तेव्हा दोन घोट घेतले, उरलेला टाकला. नानांचा मेसेज: "राजीनामा पाठवलेला नाही म्हणजे समितीच्या सभासद म्हणूनच जात आहात. विचार करा." खाली, वेगळ्या ओळीत: "डबा घेतला आहे का."

पावणेअकराला पोचले. आतल्या शिपायाला मला ओळखायला वेळ लागला नाही, मग सगळ्यांनाच कळलं. एक पत्रकार पोरगी येऊन बसली समोर. विचारलं, ताई, इथे कशा? मी म्हटलं, बसलेय. तिनं फोटो काढला. काढू दिला.

अकरा होऊन गेले. फोन बंदच. फाटकाशी बाया रिक्षातून उतरतात, दोनदा उठले. एक कोणी दुसऱ्याच कामाची होती, एकीनं मला नमस्कार केला आणि पाण्याच्या टाकीचं विचारलं.

बाहेर रस्त्यापलीकडे पांढरी गाडी उभी आहे, काचा काळ्या. तीच की दुसरी, मला काय माहीत. युसूफभाई आपली गाडी वळवून तिच्या तोंडाशी लावून उभे आहेत, मी सांगितलं नव्हतं. पेपर वाचल्याचं सोंग.

भीती वाटतेय. माझ्यासाठी थोडी, तिच्यासाठी जास्त. आली तर काय होईल याचीही, नाही आली तर काय याचीही. ती आली नाही तर मला राग धरता येणार नाही. तिची बाजू घेऊन मीच ह्यांच्याशी भांडले होते.

बारा वाजत आले. डीवायएसपी साहेब बाहेर आले. सभ्य माणूस. म्हणाले, मॅडम, मुंबईहून आमचे कागद दुपारी येताहेत, आपण कशासाठी थांबलात ते कळलं तर बरं. आत बसा, इथे बरं दिसत नाही.

मी म्हटलं, साक्षीदाराबरोबर आलेय.

त्यांनी बाकाकडे बघितलं. माझ्या शेजारी पर्स आणि पाण्याची बाटली. पत्रकार पोरीनं पेन सरसावलं. साहेबांनी विचारलं, साक्षीदार कुठे आहेत?

येताहेत, म्हटलं.

त्यांनी घड्याळ बघितलं, फाटकाकडे बघितलं. म्हणाले, मग बसा.

मी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली.